सफ्ताचा भाऊ

साल्चिया, १४ सप्टेंबर १९५२

इरिमिया,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. तुझ्या मामेभावाचा मुलगा पेत्रे मालगाडीवर गार्ड आहे आणि अधूनमधून इथल्या धक्क्यापर्यंत येतो, त्याच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याकडेच दे. पोस्टातली पत्रं इथे आमच्याआधी दुसरेच वाचतात.

झावोयची जमीन घेऊन सरकारने मला आणि माझ्या रुक्सांद्राला एकेका पेटीनिशी उचलून इथे टाकलं, त्याचं हे चौथं वर्ष. गाव सोडून जायचं नाही, आठवड्याला हजेरी द्यायची. आम्ही अगाफ्या नावाच्या एका कोळिणीच्या घरात भाड्याने राहतो. सपाट माळ आहे, झाड म्हणून नाही, वारा सुटला की दातांत माती. डॅन्यूबचं पाणी पिंपांत भरून घरोघर पोचवायचं काम मला मिळालंय. गाढवाची गाडी आहे. लहानपणी तू मला लगाम धरायला शिकवत होतास तेव्हा म्हणाला होतास, "शिकून ठेवा धाकटे मालक, गाडीवान उपाशी मरत नाही." वडील केवढे हसले होते.

आता कामाचं. रुक्सांद्राची सातवी झाली. पुढच्या शाळेने अर्ज परत केला. त्यावर शेरा आहे, "घराणं रोगट." आई टायफसने डोळ्यांदेखत गेली तेव्हापासून या पोरीच्या डोक्यात डॉक्टर व्हायचंय, आणि तिलाच यांनी रोग ठरवलं. बाल्दोविन हे आडनाव आहे तोवर कुठलंच दार उघडणार नाही. मी राजकुमार होतो ते तीन गावं आणि एका गळक्या छपरापुरता, पण कागदावर राजकुमार तो राजकुमारच.

इरिमिया, तू आणि सफ्ताने तिला दत्तक घ्यावं. कायद्याने, कोर्टात. तुझं आडनाव, तुझं घर, बाप म्हणून तुझं नाव. असं केलेले दोघेतिघे मला माहीत आहेत. त्यांची मुलं आज शिकतायत.

हे कोणाकडे मागतोय ते मला ठाऊक आहे. तुमच्या तोआदेरला मीच माझा हरकाम्या म्हणून पलटणीत मागून घेतला होता, खंदकापासून लांब राहील म्हणून. लढाईत डॉन नदीच्या काठावरून मी परत आलो, तो आला नाही. त्या दिवसापासून सफ्ता माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तरी मागतोय. दुसरीकडे जायला जागा नाही.

एमानोइल बाल्दोविन


झावोय, ९ नोव्हेंबर १९५२

धाकट्या मालकांस इरिमियाचा मानाचा नमस्कार.

तुमचे केस पिकले तरी मला दुसरं नाव सुचत नाही. थोरले मालक गेले, वाडीवस्ती गेली, तुम्ही आपले धाकटेच.

तुमचं पत्र मी सफ्ताला वाचून दाखवलं. ती मक्याच्या पिठाची मामालिगा घोटत होती. ढवळणी तशीच पातेल्यात टाकून अंगणात गेली. मामालिगा करपली. मी करपलेलीच खाल्ली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशीही बोलेना. मग एक दिवस कामावरून येतो तर बाई तोआदेरच्या खोलीला चुना फासतायत.

"कोणासाठी गं?" मी विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? डोकं आहे की घोड्याचा तोबरा?"

मग कुंचला बादलीत बुडवून म्हणाली, "त्यांनी माझा नेला, आता स्वतःची आणून देतायत. घेईन मी. पण सांगा त्यांना, दिलेलं परत मागायचं नाही. निम्मं लेकरू मला नको."

मालक, मी हे लिहिणार नव्हतो. पण ती म्हणाली, लिहिलंत का ते वाचून दाखवा. म्हणून लिहिलं.

आणखी एक. झावोयमध्ये तिला कुत्रंसुद्धा ओळखतं. बातमी फुटली कशी कोण जाणे, परवा लोहाराकडे सगळ्यांदेखत एकजण म्हणाला, "काय इरिमिया, म्हातारपणी राजकन्या झाली म्हणे! बाळंतपण सुखरूप ना?" सगळे फिदीफिदी हसले. इथे नुसतं नाव बदलून काय होणार? याशजवळ पोयानाला सरकारी घोडेपैदास केंद्र आहे, तिथे मोतद्दार हवाय. आम्ही तिकडे जातो. तोआदेरच्या नावाचा क्रूस इथल्या दफनभूमीत आहे, त्याच्याखाली कोणी नाही हे तुम्ही जाणताच. मी म्हटलं, त्याला सोडून कसं जायचं? सफ्ता म्हणाली, "रिकाम्या क्रुसाला राखण कशाला लागते?" म्हणाली खरी, पण निघायच्या आधी रोज तिकडे जाऊन बसतेय.

कागद तयार करा. आम्ही कोर्टात येतो.

इरिमिया चोबोतारू


साल्चिया, १७ फेब्रुवारी १९५३

इरिमिया,

कोर्टात आपल्याला बोलता आलं नाही. तू टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा होतास, त्या कारकुनाने तुला दटावलंही, "कॉम्रेड, टोपी घाला, इथे कोणी मालक नाही." मला हसू आलं आणि मग मी सही केली.

आधीच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी नीट बोलत होती. स्टेशनवर तू तिची पेटी उचललीस, तेव्हा ती मागे वळून काय म्हणाली ते तू ऐकलं नाहीस. म्हणाली, "विकलं असतंत तर निदान माझी किंमत तरी कळली असती बाबा. तुम्ही फुकटच देताय."

पंधरा वर्षांची आहे. मी म्हटलं, गाडी सुटेल.

तिच्याबद्दल चार गोष्टी सांगून ठेवतो. शेपू तिच्या पोटाला चालत नाही. हिवाळ्यात छाती भरते, तेव्हा गरम वीट फडक्यात गुंडाळून पायांशी द्यावी लागते. रागावली की जेवत नाही. अशा वेळी समजूत घालायची नाही, ताट ठेवून निघून जायचं, मग जेवते. आणि तिला ताईसाहेब म्हणायचं नाही. तू तिचा बाप आहेस. "ए पोरी" म्हण. सवय कर.

सफ्ताला सांग, अट मान्य आहे.

एमानोइल


पोयाना, २० एप्रिल १९५३

धाकटे मालक, नमस्कार.

पोर सुखरूप आहे. शाळेत नाव लागलं, रुक्सांद्रा चोबोतारू. चोबोतारू म्हणजे मोची, पण आमच्या सात पिढ्यांत कोणी जोडा शिवला नाही. ती म्हणते, "बरंय, दोन्ही आडनावं खोटीच."

पहिले दिवस वाईट गेले. शेळीचं दूध काढायला बसली, शेळीने लाथ मारली, बादली उलटी. सफ्ता दारातून बघत होती. "राजवाड्यात दूध काय नळाने यायचं?" पोरीचे कान लाल झाले, पण उठली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी शेळीच कंटाळली. जेवणावर रुसली तेव्हा सफ्ता ताट ठेवून निघून आली, तुम्ही सांगितलं होतं तसं. भिंतीआडून कान लावून उभी होती. चमच्याचा आवाज आला तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली.

मार्चमध्ये छाती भरली. सफ्ता हंसाची चरबी चोळत तिच्या उशाशी बसून राहिली. तापात पोर आईला हाका मारत होती. सफ्ता दर वेळी "ओ" देत होती.

ईस्टरला आम्ही लाल अंडी फोडायला बसलो. तिचं अंडं माझ्या अंड्यावर आपटलं, माझं फुटलं, आणि ती एकदम म्हणाली, "हरलात, ताते!" इथे बापाला ताते म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे. ती बोलून गेली आणि खाली बघून अंडं सोलायला लागली. मी उठून तबेल्यात गेलो. एक गाभण घोडी होती, तिच्याजवळ बराच वेळ उभा राहिलो.

मालक, हे तुम्हाला सांगू नये असं वाटत होतं. पण आमच्या घरात काय होतं ते तुम्हाला कळायला हवं. तुमचं आहे ते.

इरिमिया


पोयाना, १२ डिसेंबर १९५४

धाकटे मालक,

पेत्रेला दुसऱ्या मार्गावर टाकलं होतं, म्हणून इतके दिवस निरोप नाही. तुम्ही तिला एक ओळ लिहायला सांगितलं होतंत. ती कागद घेऊन बसायची आणि उठायची.

आता जे सांगतोय त्यावरून मी आणि सफ्ता भांडलो. ती म्हणते लिहू नका. मी म्हणालो, बापाला कळायला हवं. ती म्हणाली, "कुठल्या बापाला?"

शाळेत कोणीतरी तिचं मूळ नाव उकरून काढलं. मोठ्या दालनात सभा भरवली. मुलं, मास्तर, तालुक्याहून आलेले दोघे. मलाही बोलावलं होतं. तिला मंचावर उभं केलं. ती म्हणाली, "एमानोइल बाल्दोविन हा गरिबांचं रक्त पिऊन वाढलेला माणूस आहे. तो माझा कोणी नाही. मी त्याला ओळखत नाही आणि कधी ओळखणार नाही. माझा बाप इरिमिया चोबोतारू, मोतद्दार." स्पष्ट, एकदाही न अडखळता. लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. मालक, जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो.

तिचं शिक्षण वाचलं. कागदात लिहून घेतलं, त्या माणसाशी संबंध ठेवलेला आढळला तर नाव कमी होईल.

घरी आली ती सरळ तबेल्यात गेली आणि घोडी खरारत बसली. एकच बाजू, एकच बाजू. शेवटी घोडी वैतागून सरकली. सफ्ताने ताट ठेवलं आणि निघून आली. या वेळी चमचा वाजला नाही.

राग धरू नका. ते शब्द तिचे नाहीत. कोणीतरी लिहून दिले असणार.

इरिमिया


साल्चिया, ६ फेब्रुवारी १९५५

इरिमिया,

ते शब्द कोणी लिहून दिले ते मला ठाऊक आहे. मीच.

हा प्रसंग येणार हे मला आधीपासून दिसत होतं. ती तुझ्याकडे यायच्या आधीचा आठवडाभर अगाफ्याच्या स्वयंपाकघरात मी तिच्याकडून हे पाठ करून घेतलं. ती "तो माझा कोणी नाही" एवढंच म्हणायची. मी म्हटलं, एवढ्याने भागणार नाही, रक्त पाहिजे. रक्त मी घातलं. "मी त्याला ओळखत नाही" इथे ती दर वेळी अडायची. मी म्हणायचो, "पुन्हा. अडलीस की ते ओळखतात." अगाफ्या चुलीपाशी मासे साफ करत होती, रडत होती आणि आम्हा दोघांना शिव्या देत होती. "देवाने तुमच्या जिभा कशा नाही झडवल्या!" शेवटी पोर इतकं सुरेख म्हणायला लागली, की मीच म्हटलं, पुरे आता.

म्हणजे ती लिहीत नाही ते यामुळे. मला वाटलं होतं विसरली. विसरली असती तर तिच्यासाठी बरं झालं असतं, असं मोठ्या मनाने म्हणावं म्हटलं, तर जमत नाही.

तिला सांग, सुंदर बोललीस. नाही, नको. काहीच सांगू नकोस. मला कळलेलंच नाही असं तिला वाटू दे.

मी ठणठणीत आहे. गाढवाचं नाव मी काउंट ठेवलंय. घराण्यात कोणाचीतरी पदवी शाबूत राहायला हवी. अगाफ्या मला जो माशांचा रस्सा देते त्याने मेलेला माणूस उठून बसेल. सफ्ताला नमस्कार सांग. ती घेणार नाही, तरी सांग.

एमानोइल


साल्चिया, २३ एप्रिल १९५६

इरिमिया,

मला मोकळं केलं. झावोयमध्ये पाऊल टाकायचं नाही, एवढीच अट. बाकी देश माझा. कुठे जाऊ, असं मोठ्याने म्हटलं, तर अगाफ्या म्हणाली, "जा की. आणि गाढवाला पाणी कोण दाखवील, तुझा मेलेला आजा?" म्हणून इथेच राहिलो.

पेत्रेकडून कळलं, रुक्सांद्रा मेडिकलला गेली. तू का कळवलं नाहीस? मी ते वाटेत कळल्याबरोबर गाडी थांबवली आणि टोपी काढून उभा राहिलो. लोकांना वाटलं कोणाची प्रेतयात्रा येतेय.

सफ्ताला दिलेला शब्द मी विसरलेलो नाही. परत मागत नाही. फक्त एकदा बघायचंय. कॉलेजसमोर बाक असेलच कुठेतरी. मी त्यावर बसेन. ती येईल, जाईल. तिला सांगूही नकोस. तेवढं चालेल का, विचार.

एमानोइल


पोयाना, ३० जून १९५६

धाकटे मालक,

मेडिकलचं सफ्ताने लिहू दिलं नाही. दृष्ट लागते म्हणाली. पहिलं वर्ष पास होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. आता झाली पास.

तुमचं पत्र वाचलं. बाकाचं आलं तशी सफ्ता उसळलीच. "चोरासारखे बाकावर बसणार? माणसाला माणूस बघायचा असेल तर माणूस घरी येतो!"

मी म्हटलं, "अगं पण कोण म्हणून येतील? शेजारी आहेत, केंद्राचा प्रमुख येतो-जातो. तिच्या कागदात काय लिहिलंय ते माहीत आहे ना?"

"माझा भाऊ म्हणून."

"तुला भाऊ कुठे आहे?"

"ते इथे कोणाला माहीत आहे? डॅन्यूबवर पाणी वाहतो म्हणून सांगा. तेवढं तर खोटं नाही."

तेव्हा १५ ऑगस्टला, मारियेच्या सणाला या. पोर सुट्टीला घरी असेल. तिला सांगितलंय. ऐकलं आणि पाण्याला निघून गेली, घागरी दोन्ही भरलेल्या असताना.

मला फक्त एकच काळजी आहे. तुम्हाला नावाने हाक मारायची कशी? मी तबेल्यात सराव करतोय. घोडे कान टवकारतात.

इरिमिया


साल्चिया, ३ सप्टेंबर १९५६

दाजी,

आता हेच नाव. बायकोच्या भावाला तू काय म्हणशील तो तुझा प्रश्न, मी तर दाजीच म्हणणार.

तुझा सराव वाया गेला. प्रमुखसाहेब बाटली घेऊन आले, सगळे तुतीखाली बसलो, आणि तू अदबीने वाकून म्हणालास, "मालक, अजून थोडी?" प्रमुखांचा पेला हवेतच राहिला. आणि रुक्सांद्रा खदखदून हसली, "ताते तबेल्यातल्या घोड्यांनाही मालक म्हणतात! रोज ऐकते मी." प्रमुख म्हणाले, "मग मामा काय घोडा आहेत?" यावर मी हिणहिणलो. आयुष्यात इतक्या मनापासून कुठलं काम केलं नसेल. ती मात्र पाव कापत होती ती कापतच राहिली.

तिने दारात मला "या, बसा मामा" म्हटलं तेव्हा तिच्या डोळ्यांत काही म्हणजे काही दिसलं नाही. उंच झालीय. हात तिच्या आईचे आहेत, पण ते पुसायची पद्धत सफ्ताची, आधी पुढून, मग मागून.

तू प्रमुखांना फाटकापर्यंत पोचवायला गेलास, तेव्हा काय झालं ते सफ्ताने तुला सांगितलं नसेल. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला थंडी वाजली का?"

मी म्हटलं, "माझा कोट त्याच्या अंगावर होता."

आणखी एक शेंग सोलून म्हणाली, "मग तुम्हाला वाजली असेल."

तोआदेर गेल्यापासून चौदा वर्षांनी ती माझ्याशी हे बोलली. मी मान हलवली. मग तिने विचारलं, कसा गेला. मी म्हटलं, झोपेत. कोटाचं खरं होतं, दाजी. दुसरं कसं होतं ते तू मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

नंतर रुक्सांद्रा तिचं ते नळीचं यंत्र घेऊन आली, "मामा, शर्ट वर करा, मला सराव हवा." पाठीला लावून ऐकत राहिली. इथे श्वास घ्या, तिथे घ्या. मी म्हटलं, "काय ऐकू येतंय, डॅन्यूब?" ती म्हणाली, "छान आहे सगळं." पण हात तिने पाठीवरून लगेच काढला नाही. तिला काय कळलं ते मला कळलं. दोघांनीही चेहरा बदलला नाही. तो अभ्यास आमचा पक्का आहे.

स्टेशनवर म्हणाली, "पुन्हा या हं मामा." गाडी हलल्यावर मला आठवलं, मी तिला नीट जवळसुद्धा घेतलं नाही. मामा घेतात की जवळ. चाललं असतं.

एमानोइल


साल्चिया, १९ नोव्हेंबर १९५७

प्रिय ताते आणि सफ्ताआई,

पेत्रेदादाकडून अगाफ्याचा निरोप आला तेव्हा तुम्हाला कळवायलाही वेळ नव्हता. कॉलेजात मी मामा आजारी आहेत म्हणून रजा मागितली आणि गाडीत बसले. वाटेत मनाशी एक ठरवलं होतं. ते काय झालं, ते सांगते.

त्यांना गावातून जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही. मोठी खोली, वीसेक खाटा. दाराशी एक परिचारिका मोठं पुस्तक घेऊन बसली होती, शेजारी टेबलाला टेकून एक शिपाई सिगरेट ओढत होता. भेटायला येणाऱ्याचं नाव, गाव, नातं, सगळं लिहून घेत होते. त्यांची खाट दाराला लागूनच होती. डोळे मिटलेले होते. माझी पाळी आली.

"कोण लागता?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "मुलगी."

ताते, मला माहीत होतं मी काय करतेय. कॉलेज गेलं तर जाऊ दे, घोड्यांचा खरारा करीन, असं मी ठरवलं होतं. तिने लेखणी टेकवली आणि आडनाव विचारलं. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. एवढासा आवाज, पण अगदी थट्टेचा.

"बहिणीची पोर आहे हो ती. लिहा, भाची. आमच्याकडे पोरींना लळा लागला की मामालाही बाप म्हणतात."

परिचारिका हसली. शिपाईही हसला. "नशीबवान आहात म्हातारबा," म्हणाला. तिने पुस्तकात लिहिलं, भाची.

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात धरला आणि मग सोडलाच नाही. खूप रागावले होते माझ्यावर, मला कळत होतं. डोळे वटारून बघत होते, लहानपणी फ्रेंचचा पाठ चुकला की बघायचे तसे. जवळच्या खाटांवर माणसं होती. शिपाई दारात होता. मी खूप काही बोलायला आले होते. सभेचं बोलायचं होतं. स्टेशनवर त्यांना जे म्हणाले होते, फुकट देताय म्हणून, ते बोलायचं होतं. पण बाबा म्हटलं असतं तर त्यांचं सगळं करणं फुकट गेलं असतं. म्हणून मी मामा, मामा करत बसले. मामा, पाणी हवंय का? मामा, उशी सरळ करू का? ते दर वेळी मान हलवायचे आणि मग हळूहळू त्यांचा राग गेला. एकदा म्हणाले, "दाजींना सांग, गाढव अगाफ्याला दिलंय." एवढंच. दुपारी गेले. मी डॉक्टरला हाक मारली नाही. मला दिसत होतं.

अगाफ्याने त्यांना इथे आणून कोळ्यांच्या दफनभूमीत पुरलं. ती इतक्या मोठ्याने रडली, की लोक तिचंच सांत्वन करत होते. भाचीने किती रडायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्याकडे बघून बघून रडले. क्रुसावर नुसतं एमानोइल लिहिलंय.

ताते, तुम्ही मला परत येशील का असं कधी विचारलं नाहीत. मी येतेय. शनिवारच्या गाडीने.

रुक्सांद्रा


पोयाना, २७ नोव्हेंबर १९५७

पोरी,

शनिवारी तू आली नाहीस. पेत्रे म्हणतो, तुला ताप आला म्हणून अगाफ्याने ठेवून घेतलं. छाती भरली असेल. वीट गरम करून पायांशी घ्यायला सांग. हे पत्र पेत्रेच पोचवील. बरी झालीस की त्याच्याच गाडीने ये, एकटी निघू नकोस.

तुझं पत्र मी सफ्ताला वाचून दाखवलं. तुझा बाप गेला, एवढं वाचलं आणि मला पुढे वाचता येईना. त्यांना पहिल्यांदा घोड्यावर मी बसवलं होतं. तू आमच्याकडे आलीस त्याहून लहान होते, माझ्या मानेला मिठी मारली होती. उरलेलं पत्र मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

सफ्ताने गहू भिजत घातले. साखर नव्हती, ती शेजारणीकडे मागितली. अक्रोड स्वतः फोडले, मला हात लावू दिला नाही. मृतांसाठी गव्हाची खीर करतात तशी मोठं पातेलं भरून केली. तोआदेरच्या वेळी एवढी केली नव्हती, तेव्हा लढाई होती, गहूच मिळत नव्हते. रविवारी आम्ही ती चर्चमध्ये नेली. गर्दी होती. प्रमुखसाहेब येत नाहीत पण त्यांची बायको होती. पाद्रीबाबांनी मेणबत्ती लावली आणि विचारलं, "कोणाच्या नावाने?"

"एमानोइल," सफ्ता म्हणाली.

"तुमचा कोण?"

मी मनात म्हटलं, आता ही काय सांगते. तिला खोटं बोलायची सवय नाही, आणि देवळात तर नाहीच.

ती म्हणाली, "माझा भाऊ. त्याने माझ्या मुलाला स्वतःचा कोट दिला होता."

लोकांनी वाटी वाटी खाल्ली. "देव त्यांना क्षमा करो," म्हणाले. तिने प्रत्येकाला हाताने वाढलं.

तुझ्या वाट्याची झाकून ठेवलीय. ती म्हणते, थंडीत आठवडाभर टिकते. ये.

तुझा ताते,
इरिमिया